अंतर्बाह्य पोलाद
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



समुद्राचा खारा वारा ज्यांच्या खिडक्यांचे गज आणि सायकलींची हँडले दर पावसाळ्यात खात आला आहे, अशा कोकणातील श्रोत्यांपुढे गंजाची रासायनिक मीमांसा करणे अप्रस्तुत होईल. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांचा संबंध आपण शाळेत शिकलेलाच आहे, तो गृहीत धरून मी पुढे जातो. दुकानात सारख्याच चकाकीने शेजारीशेजारी मांडलेल्या दोन वस्तूंपैकी एक क्रोमचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची आणि दुसरी स्टेनलेस स्टीलची असेल, तर पाण्याशी रोज गाठ पडणाऱ्या प्रत्येक कामासाठी दुसरीच घ्यावी आणि पहिली निम्म्या किमतीत मिळाली तरी नाकारावी, असे माझे ठाम मत आहे, आणि आजचा सारा वेळ मी त्याच मताच्या वकिलीत खर्च करणार आहे.

मुलाम्याच्या वस्तूवर आपल्याला जो दिसतो, तो क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहून जाड नसतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याइतकाही नव्हे. त्याच्याखाली निकेलचा, आणि कित्येकदा त्याच्याही खाली तांब्याचा थर असतो, आणि गंजापासून रक्षणाची खरी जबाबदारी त्या निकेलवरच असते. क्रोमियम निळसर झळाळी आणि काठिण्य पुरवते, मात्र त्याच्या थरात सूक्ष्म भेगा उपजतच असतात. निकेलला कोठे छिद्र राहिले किंवा ओरखडा पोलादापर्यंत पोहोचला, की जस्ताचा थर जसा स्वतः झिजून लोखंडाला वाचवतो तसे निकेल करीत नाही. ओलाव्यात या दोन धातूंचा विद्युत्घट तयार होतो, त्यात झिजण्याचा सगळा भार सुईच्या अग्राएवढ्या उघड्या पोलादावर येतो, आणि गंज आतल्या आत पसरून वरचा पापुद्रा उचलून टाकतो. आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांची कल्हई उडाली, तर कल्हईवाला दारात बसून ती पुन्हा लावून देई. या मुलाम्याला तसा वाली नाही.

स्टेनलेस स्टीलवरही एक थर असतोच, आणि तो मुलाम्याहून सुमारे शंभरपट पातळ, अवघ्या काही नॅनोमीटरांचा असतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. परंतु तो कोणी बाहेरून चढवलेला नसतो. पोलादाच्या सर्वांगात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मुरलेले असल्यामुळे हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन तो आपोआप जमतो, आणि ओरखडा काढला तरी त्या ठिकाणी तत्काळ पुन्हा जमतो. धातुशास्त्रात याहून सुंदर गोष्ट मला ठाऊक नाही.

पहिल्या रांगेतील एका सद्गृहस्थांनी आताच खिशातून लोहचुंबक काढून मला दाखवला. (हशा.) चुंबक चिकटला तर माल खोटा, ही समजूत बाजारात सर्वत्र आहे, आणि तिचे निराकरण करायचे तर आपल्याला इंग्लंडातील शेफील्ड शहरी जावे लागेल. तेथे 1871 साली, पोलाद वितळवणाऱ्या एका कामगाराच्या घरी हॅरी ब्रिअर्ली जन्मला. बाराव्या वर्षी शाळा सुटली, आणि पोलादाच्या कारखान्यात हरकाम्या म्हणून उमेदवारी करता करता तो प्रयोगशाळेत पोहोचला. बंदुकांच्या नळ्या आतून झिजतात, त्यावर उपाय शोधण्याचे काम 1912 साली त्याच्याकडे आले, आणि 1913 च्या ऑगस्टात त्याने 12.8 टक्के क्रोमियमचे पोलाद ओतले. भंगाराच्या ढिगात एक तुकडा चकाकताना दिसला, ही आख्यायिका आपण बाजूला ठेवू. पोलादाची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी त्यावर नायट्रिक आम्लाचा हात फिरवावा लागतो, आणि हे पोलाद त्या आम्लाला दाद देईना. मग त्याने सिरका लावून पाहिला, लिंबाचा रस लावून पाहिला. शतकानुशतके सुऱ्याकात्र्यांवर जगलेल्या गावचा तो पुत्र असल्यामुळे बंदूक विसरून त्याच्या डोळ्यांपुढे सुरी उभी राहिली! मालकांना त्याचे सोयरसुतक नव्हते, आणि धार न धरणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची हेटाळणी झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट नावाच्या सुरीकारखान्यातील जाणकाराने योग्य तापमान साधले आणि त्या पोलादाने धार धरली. जर्मनीत क्रुप कारखान्यात स्ट्राउस आणि माउरर यांनी 1912 सालीच क्रोमियमबरोबर निकेल मिसळले होते, आणि आपल्या घरातील अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेलचे पोलाद त्याच वंशातले.

आता चुंबकाचा निवाडा करू. ब्रिअर्लीच्या निकेलविरहित पोलादाला चुंबक चिकटतो, तरी ते अस्सल स्टेनलेस आहे. निकेलची बचत करून मँगनीज घातलेल्या स्वस्त जातीला तो सहसा चिकटत नाही, तरी ती गंजाला तुलनेने लवकर बळी पडते. तेव्हा या खटल्यात चुंबकाची साक्ष ग्राह्य नाही. (टाळ्या.)

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, आणि सांगायचे पुष्कळ राहिले आहे. माझे काही व्यापारी स्नेही येथे बसले आहेत आणि त्यांच्या मुद्रा मला दिसत आहेत. त्यांच्या धंद्यावर गदा आणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. हायड्रॉलिक यंत्रांच्या दांड्यांवर घर्षण सोसण्यासाठी क्रोमचा जाड थर देतात, तेथे त्याची मातबरी मला मान्य आहे. परंतु न्हाणीघरातील दांडी किंवा स्वयंपाकघरातील तारेची टोपली यांसाठी, मुलामा चढवण्याच्या ज्या क्रोमिक आम्लाच्या हौदाच्या वाफेने मजुराच्या नाकाचा पडदा फाटू शकतो आणि फुप्फुसाला कर्करोग होऊ शकतो, त्या हौदाचा आश्रय का घ्यावा, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

स्टेनलेसही अमर नाही. मिठातील क्लोराइड त्याचा थर भेदते, म्हणून समुद्राकाठी 304 क्रमांकाच्या, म्हणजे त्याच अठरा-आठच्या पोलादावर तांबूस ठिपके उठतात. उघड्यावरच्या कठड्यांना दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 घ्यावे, ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावे, आणि फरशी धुण्याचे अॅसिड कोणत्याही स्टीलला लागू देऊ नये.

आपणा सर्वांना माझी एकच विनंती आहे. दुकानदाराने नुसते "स्टील आहे" म्हटले तर थांबा, आणि पावतीवर 304 की 316 हे त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.