जुन्या धर्मग्रंथांची छायाचित्रे
(व्याख्यान)



जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगडचुन्याचे काम नव्हे. देवळातील जुनी पोथीही देवळाइतकीच जपावी लागते. ती का व कशी जपावी, हे युरोपातील एका घटनेवरून ध्यानात येते.

तेथील मध्ययुगीन धर्मग्रंथ चर्मपत्रावर हाताने लिहिलेले असत. पुढे त्यांतील पुष्कळ ग्रंथ संग्रहालयांत आले आणि काचेच्या पेटीत लोकांना पाहावयास मिळू लागले. परंतु पेटीतल्या ग्रंथाची उघडलेली दोनच पाने दिसतात; बाकीची मिटलेलीच राहतात. ही उणीव छायाचित्रांनी भरून काढली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने १८५४ साली रॉजर फेंटन यांची छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. तेथील पाचव्या शतकातल्या ग्रीक बायबलच्या पोथीतील काही पानांची त्यांनी घेतलेली छायाचित्रे १८५६ साली पुस्तकरूपाने निघाली.

काम कष्टाचे होते. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच छायाचित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. त्यात निळा रंग पांढरा उतरे, तर तांबडा काळा. रंग हरपत, पण अक्षर आणि रेषा टिकत.

याचे मोल पुढे इटलीतील तुरीन शहरात कळले. तेथील ग्रंथालयात एका सचित्र प्रार्थनाग्रंथाचा मोठा भाग होता. फ्रान्समधील बेरीचा ड्यूक जाँ याच्यासाठी तो इ. स. १३८० च्या सुमारास सुरू झाला होता. त्यातील काही चित्रे थोर चित्रकार यान व्हान एक याची असावीत, असे अनेक जाणकार मानतात. १९०२ साली पॉल दुरिए या फ्रेंच अभ्यासकाने त्या सचित्र पानांची छायाचित्रे पॅरिसमध्ये प्रसिद्ध केली. पुढे दोनच वर्षांनी, जानेवारी १९०४ मध्ये, ग्रंथालयाला आग लागली आणि तो भाग भस्मसात झाला. सोनेरी वर्ख गेला, रंग गेले. आज त्या पानांची ओळख उरली आहे ती त्या काळ्यापांढऱ्या छायाचित्रांमुळे. ती वाचली, कारण ती दुसरीकडे होती.

छायाचित्र म्हणजे मूळ ग्रंथ नव्हे, हे खरे. पण मूळ गेल्यावर तेच साक्षीला उभे राहते. आपल्याकडे घरोघरी रुमालात बांधलेल्या पोथ्या आहेत. त्यांना आगीचीच काय, वाळवीची आणि पावसाचीही भीती आहे. तेव्हा पाने क्रमाने लावावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, एक संच देवळात ठेवावा आणि दुसरा गावाबाहेर, विश्वासाच्या हाती. कळस चढविण्याइतकेच हेही पुण्याचे काम आहे.