विचारायला थांबू नका

कोकणात खेड-दापोलीकडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस दुबई, कुवेत, कतारला असतो. पैसा येतो, फोन येतो. दिवस मात्र बाईला एकटीनंच काढावे लागतात. सासू असते, जाऊ असते. पण दवाखान्यात न्यायचं का, ऑपरेशन करायचं का, हे ‘त्याला विचारून’ ठरतं. तो कामावर, फोन बंद. इकडे तिचं डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज. ही वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते. ती फोनची वाट पाहत नाही.

सज्ञान बाईच्या उपचाराला कायद्यानं तिची स्वतःची संमती पुरते; नवऱ्याची सही लागत नाही. म्हणून सातव्या महिन्यातच ठरवा : दवाखाना कोणता, सोबत कोण, रक्त कोण देणार, पैसे कुणाजवळ. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. अडीनडीला १०८ वर गाडी मागवता येते.

आणि परदेशातल्या भावांनो, पैशांबरोबर एक निरोपही आजच घरी पाठवा : ‘मला विचारायला थांबू नका.’