लातूर पॅटर्न आणि घराचा वाटा

(लातूर येथे पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



लातुरात येऊन शिक्षणावर बोलणे म्हणजे पंढरपुरात जाऊन वारीचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. या गावाने शिक्षणाच्या क्षेत्रात जे करून दाखविले ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून आज मी अभ्यास कसा करावा हे सांगणार नाही. मुलाच्या आयुष्याची दिशा ठरते ती कोठे, कोण ठरवितो, आणि त्यात घराचा वाटा किती उरला आहे, एवढ्याच विषयावर थोडे मोकळेपणाने बोलणार आहे.

आपल्या भागाची पूर्वपीठिका आधी लक्षात घेतली पाहिजे. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्यापूर्वी निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण त्याच भाषेतून चाले. प्रजेतील बहुसंख्य घरांत मराठी, तेलुगू वा कन्नड बोलली जाई आणि विद्या मात्र परक्या माध्यमातून घ्यावी लागे. अशा काळात हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवावयास आले, आणि तेथून अंबाजोगाईला गेले. पोटाला चिमटा घेऊन आपल्या आजोबा-पणजोबांनी मुलांना या शाळांत धाडले, ते नोकरी मिळावी एवढ्याचसाठी नव्हे. मुलाने स्वाभिमानाने उभे राहावे, ही त्यामागील इच्छा होती.

ज्याला आपण लातूर पॅटर्न म्हणतो त्याची मुळे याच भूमीत आहेत. १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयात डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर डॉ. अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या प्राचार्यांनी, तसेच दयानंद महाविद्यालयासारख्या संस्थांमधील प्राध्यापकांनी एक साधी गोष्ट केली. अभ्यासक्रम वेळेआधी संपविला, सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घेतल्या, उत्तरपत्रिका तपासून मुलासमोर ठेवल्या आणि पालकांना बोलावून घेतले. यात जादू नव्हती, परिश्रम होते. शेतकऱ्याचा मुलगा मुंबई-पुण्याच्या मुलांच्या पुढे जाऊ शकतो, हा आत्मविश्वास या गुरुजनांनी मराठवाड्याला दिला. आज काहीजण या पॅटर्नची थट्टा करतात. त्यांनी हा इतिहास एकदा समजून घ्यावा.

परंतु जे शिक्षकांच्या निष्ठेतून उभे राहिले त्याचा पुढे बाजार झाला, हेही डोळसपणे पाहिले पाहिजे. महाविद्यालयाच्या वर्गातील पॅटर्न हळूहळू खासगी शिकवण्यांच्या गल्ल्यांत गेला. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवच्या खेड्यांतून सोळा वर्षांचे मूल येथे येते आणि भाड्याच्या खोलीत दोन वर्षे काढते. कित्येक घरांत आई मुलांना घेऊन लातुरात राहते आणि वडील गावी एकटे शेती पाहतात. सोयाबीनचे पैसे आले की शिकवणीचा हप्ता जातो. माऊलीच्या या त्यागापुढे आपण नतमस्तकच झाले पाहिजे. तरीही विचारावेसे वाटते की, एवढा त्याग ज्या निर्णयासाठी होतो, तो निर्णय कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर घेतला?

बहुतेक घरांत तो दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी होतो. शेजारचा मुलगा डॉक्टर होणार, म्हणून आपलाही. २०२४ साली नीट परीक्षेसाठी देशभरातून सुमारे २४ लाख विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या साधारण एक लाखाच्या थोड्या वर. हा हिशेब बाजारात तुरीचा भाव विचारणाऱ्या शेतकऱ्याला समजत नाही असे नाही. पण मुलाच्या बाबतीत आपण तो करीत नाही. मग ज्या बावीस-तेवीस लाखांना जागा मिळत नाही त्यांच्या पदरी घर कोणता शब्द टाकते? ‘आमचे पैसे वाया गेले’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते, त्या घरातील मुलाच्या मनावर काय ओरखडा उमटत असेल! राजस्थानातील कोट्यातून येणाऱ्या आत्महत्यांच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. ते कोटा आहे, आपले लातूर वेगळे, असे समजून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

त्याच २०२४ च्या नीट परीक्षेतील गैरव्यवहाराच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोहोचले, तेव्हा आपणा सर्वांची मान खाली गेली. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. माझा प्रश्न निराळा आहे. परीक्षेत काळाबाजार करणारा माणूस माल विकतो तो कोणाला? विकत घेणारा कोणीतरी पालकच असतो. मुलासाठी जागा विकत घ्यायला निघालेला बाप त्याच क्षणी मुलाला आयुष्यभराचा एक संस्कार देऊन टाकतो, आणि तो पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही शाळेत नाही.

घर काय करू शकते, याची दोन उदाहरणे याच भागातली देतो.

पहिले नांदेडचे. नरहर कुरुंदकर आमच्या विचारांचे नव्हते. संघावर त्यांनी कठोर टीका केली. परंतु मराठवाड्याने महाराष्ट्राला दिलेल्या मोठ्या विद्वानांत त्यांचे नाव घ्यावेच लागते. हे कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत नापास झाले होते. आजच्या लातुरात त्यांचे काय झाले असते, कोण जाणे! हैदराबादला त्यांचे मामा डॉ. नांदापूरकर मराठीचे प्राध्यापक होते. त्या घरात ग्रंथ होते, विद्वानांची ये-जा होती, आणि मुलाने वाचावे, वाद घालावा याला मोकळीक होती. गुणपत्रिकेने नाकारलेला हा तरुण आधी शाळेत शिक्षक झाला, पुढे पदव्या मिळविल्या आणि अखेर नांदेडच्या पीपल्स कॉलेजचा प्राचार्य झाला.

दुसरे लातूरचेच. १९६६ साली पुण्यात शिकलेले काही तरुण डॉक्टर लातुरात आले. तेव्हा हे गाव जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. तो मान १९८२ मध्ये मिळाला. संघसंस्कारात वाढलेल्या डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे विवेकानंद रुग्णालय उभे केले. पुण्यात राहिले असते तर धन आणि प्रतिष्ठा दोन्ही पायाशी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली तेव्हा जखमींना आधार देण्यास हे रुग्णालय सिद्ध होते. डॉ. कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. या तरुणांनी व्यवसाय निवडला तोच, जो आज आपण सारे आपल्या मुलांसाठी मागतो. मात्र ‘कशासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी तयार होते. ते शिकवणीतून मिळाले नव्हते. घरातून आणि शाखेवरून आले होते.

पुण्याचे डॉक्टर तेव्हा लातुरात आले, आणि आज लातूरचा मुलगा डॉक्टर झाला की पुण्यात सदनिका शोधतो. त्याला दोष देऊ नये. गावाकडे परत यायचे असते, हे घरात त्याच्याशी कोणी कधी बोललेलेच नसते.

आपल्याकडे स्वधर्म हा शब्द फार मोठ्या अर्थाने आला आहे. ज्याची जी प्रकृती, जो गुण, त्यानुसार त्याचे कर्म. हाताने यंत्र खोलून जोडणाऱ्या मुलाला जीवशास्त्र घोकायला लावणे हा त्याच्या प्रकृतीवर अन्याय आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. त्याला कुशल हात लागतात. सोयाबीन आणि तुरीच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेला प्रक्रिया जाणणारे उद्योजक हवे आहेत. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहराला पाण्याचा अभ्यास करणारे तरुण नकोत काय? तरीही आय.टी.आय.ला जाणाऱ्या मुलाचे नाव पाहुण्यांसमोर हळू आवाजात सांगितले जाते.

मी फार काही मागत नाही. आठवड्यातून एक वेळ सर्वांनी एकत्र जेवावे. मूल खोलीवर राहत असेल तर वडिलांनी रविवारी यावे, आणि त्या भेटीत गुण विचारू नयेत. आजोबांना त्यांच्या शाळेविषयी बोलू द्यावे. दहावीच्या आधी मुलाला दवाखाना, कारखाना, न्यायालय, एखादे चांगले शेत प्रत्यक्ष दाखवावे. मुलींच्या बाबतीत तर ‘लग्न होईपर्यंत शिकेल’ ही भाषा आता बंद झालीच पाहिजे.

एका भगिनीने चिठ्ठी पाठविली आहे. मुलीचे दोनदा प्रयत्न झाले, तिसऱ्यांदा बसवावे का, असे त्या विचारतात. ताई, हे मला विचारू नका, तिला विचारा. आणि ती ‘नको’ म्हणाली, तर त्या रात्री घरात तिच्या आवडीचा स्वयंपाक करा.