शुश्रूषा आणि माणसांची वांटणी



घरांत कोणी दुखणेकरी झालें आणि रुग्णालयाची पायरी चढण्याची वेळ आली, कीं आपण प्रथम डॉक्टरांचें नांव विचारतों. तें नामांकित असलें म्हणजे आपला जीव भांड्यांत पडतो. परंतु डॉक्टर दिवसांतून एक-दोन वेळां खाटेपाशीं येतात. बाकीचा सारा वेळ रोगी परिचारिकेच्या हवालीं असतो. तिच्या वांट्यास रात्रीं किती खाटा आल्या आहेत, हें विचारणारा नातलग मला अद्याप भेटला नाहीं.

लिंडा एकन या विदुषीनें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत १६८ रुग्णालयांची पाहणी करून ती २००२ सालीं प्रसिद्ध केली. परिचारिकेच्या माथीं सरासरीनें एक रोगी अधिक पडला, कीं शस्त्रक्रिया झालेला रोगी महिन्याभरांत दगावण्याचा संभव सुमारें ७ टक्क्यांनीं वाढलेला त्यांस आढळला. असें कां व्हावें? आंतल्या आंत रक्तस्राव सुरू झाला, तर तो आरडाओरड करीत येत नाहीं. नाडी थोडी जलद होते, अंग गार लागतें, रोगी उगाच चुळबुळ करूं लागतो. वरचेवर हात लावून पाहणारी परिचारिका हें वेळेवर ओळखते. जिला वीस खाटांचीं औषधें उरकावयाचीं आहेत, ती त्या रोग्याजवळून जाते खरी, पण थांबत नाहीं. मास्तराच्या गळ्यांत एकदम दोन वर्ग बांधले, तर तो शांतता राखतो, शिकवीत नाहीं. त्यांतलाच हा प्रकार.

इंग्लंडांतील स्टॅफर्डच्या रुग्णालयांत २००५ ते २००९ या काळांत जें घडलें, तें याहून दुःखद आहे. संस्थेस स्वायत्त दर्जा मिळावा म्हणून जमाखर्चाचा मेळ बसविण्याची घाई होती. कात्री लागली ती नोकरवर्गाला. तातडीच्या विभागांत आलेल्यांपैकीं कोणाची प्रकृति अधिक गंभीर, हें ठरविण्याचें काम वैद्यकीय शिक्षण नसलेल्या कारकुनांकडे आलें. पाण्याचे पेले रोग्याच्या हाताला पोंचणार नाहींत असे दूर राहूं लागले. वृद्ध माणसें मळलेल्या अंथरुणांत तासन् तास पडून राहिलीं. तेथील परिचारिका सगळ्याच निर्दय होत्या, असें मला वाटत नाहीं. ज्यांनीं तक्रारी केल्या त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. मृतांच्या नातलगांनीं नेट धरला, तेव्हां कोठें चौकशी झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारींत आला. त्यांत २९० शिफारशी होत्या.

कॅलिफोर्नियानें मात्र कायदाच केला. तो २००४ पासून अंमलांत आला आणि २००५ पासून साधारण कक्षांत एका परिचारिकेकडे पांचांहून अधिक रोगी सोंपवितां येत नाहींत. आपल्या भारतीय परिचर्या परिषदेचें प्रमाणही कागदावर चांगलें आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रोग्यांस एक, इतरत्र पांचांस एक. परंतु आपल्याकडे रोग्यापाशीं घरचें एक माणूस बसवून ठेवण्याची रीतच पडली आहे. सलाईनची बाटली संपत आली, हें सांगावयास तेंच धांवतें. ही माया खरी; पण तिच्या आडोशानें परिचारिकांची उणीव झांकली जाते, आणि ज्याचें कोणी नाहीं त्याच्या बाटलीकडे कोण पाहणार?

स्टॅफर्डच्या प्रकरणानंतर, २०१४ सालीं, इंग्लंडांतील रुग्णालयांना प्रत्येक पाळीस कक्षांत किती परिचारिका हव्या होत्या आणि किती हजर आहेत, हें दर्शनी फलकावर लिहावयास सांगण्यांत आलें. आपल्या रुग्णालयांतून भेटीच्या वेळांचा फलक तर असतोच. त्याच्या शेजारीं आणखी एक टांगण्यापुरती भिंत सहज निघेल.