रक्ताच्या थेंबातून मज्जातंतूंची वार्ता



रोग ओळखणे ही एक गोष्ट आणि ओळखलेला रोग आज कोणत्या अवस्थेत आहे हे सांगता येणे ही दुसरी गोष्ट. मधुमेही माणसाची साखर वेळोवेळी मोजता येते. रक्तदाबाचा आकडा प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाच मिनिटांत मिळतो. त्या आकड्याच्या आधारे औषध वाढवावयाचे की कमी करावयाचे, याचा निर्णय डॉक्टर घेतात. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या विकारांत मात्र असा सोपा आकडा दीर्घकाळ उपलब्ध नव्हता. कवटी आणि कणा यांच्या बंदिस्त कोटात काय चालले आहे, हे बाहेरून कळण्याची साधने फार थोडी होती. गेल्या दीड दशकात ही परिस्थिती पालटू लागली आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एम.एस. या रोगाच्या संदर्भात हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो.

रोगाचे स्वरूप

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील डॉक्टर झां-मार्तां शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे पहिले सुसंगत वर्णन केले. मेंदू व मज्जारज्जू यांत ठिकठिकाणी कठीण झालेले चट्टे आढळतात, त्यावरून रोगाला हे नाव मिळाले. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते, तसे मज्जातंतूवर मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीच या रोगात त्या आवरणावर हल्ला करतात. आवरण गेले की संदेश मंदावतात अथवा अडतात. पुढे आतील तंतूही तुटतो.

लक्षणे नाना प्रकारची असतात. एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधुक होणे व डोळा हलविताना दुखणे, हातापायांना बधिरपणा, एकाच्या दोन वस्तू दिसणे, चालताना तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्यांतील प्रमुख होत. रोग बहुधा वयाच्या २० ते ४० वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या निदान दुप्पट आढळते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना हा रोग होता. युरोप व उत्तर अमेरिका यांच्या तुलनेने भारतात त्याचे प्रमाण कमी असले, तरी तो येथे अपरिचित नाही. पारशी समाजात हा रोग आढळतो, हे मुंबईचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली दाखवून दिले होते.

या रोगाचा खरा कावा असा की, तो पुष्कळदा येतो आणि ओसरतो. एखाद्या शिक्षिकेची दृष्टी पंधरा दिवस अंधुक होते आणि हळूहळू पूर्ववत होते. घरचे निश्चिंत होतात, वरिष्ठांना ती सबब वाटते. वर्षभराने पाय जड होतात, तेव्हा दोन्ही घटनांचा संबंध कोणी जोडीत नाही. मधल्या काळात मज्जातंतूंची झीज मात्र निमूटपणे चालू असू शकते. १९९३ साली या रोगाची वाटचाल मंदावणारे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले आणि त्यानंतर अनेक प्रभावी औषधे आली. ही औषधे पुढील हल्ले टाळतात, पण तुटलेले तंतू परत आणू शकत नाहीत. म्हणूनच झीज चालू आहे की थांबली आहे, हे वेळीच कळण्याला एवढे महत्त्व आहे.

जुनी साधने आणि त्यांच्या मर्यादा

१९४२ साली एल्विन कॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूभोवतीच्या द्रवातील प्रथिनांचा अभ्यास करून एम.एस.च्या रुग्णांत विशिष्ट प्रथिने वाढलेली असल्याचे दाखविले. हा द्रव मिळविण्यासाठी पाठीच्या कण्यात सुई घालावी लागते. १९८१ साली लंडनमध्ये चुंबकीय प्रतिमा-तंत्राने, म्हणजे आज ज्याला एम.आर.आय. म्हणतात त्याने, या रोगाचे चट्टे प्रथमच जिवंत माणसाच्या मेंदूत स्पष्ट दिसले. निदानाच्या दृष्टीने ही दोन्ही साधने आजही मोलाची आहेत. परंतु दर तीन महिन्यांनी पाठीतले पाणी काढणे कोणा रुग्णाला सोसणार? एम.आर.आय.चे यंत्र महागडे असून ते प्रामुख्याने शहरांतून असते. शिवाय प्रतिमेत चट्टा दिसतो तो झालेल्या हानीचा. आज, या आठवड्यात किती तंतू तुटत आहेत, हे त्यावरून नेमके सांगता येत नाही.

तंतूच्या आतील कामट्या

कुडाच्या भिंतीला आतून कामट्यांचा आधार असतो. मज्जातंतूलाही आतून अशाच सूक्ष्म प्रथिन-धाग्यांचा आधार असतो. त्यांना न्यूरोफिलामेंट असे म्हणतात. भिंत पडली की कामट्या बाहेर पडतात. त्याचप्रमाणे तंतू तुटला की या धाग्यांचे तुकडे प्रथम मेंदूभोवतीच्या द्रवात उतरतात आणि त्यांचा अल्पसा अंश रक्तात येतो. या प्रथिनाच्या हलक्या साखळीचे रक्तातील प्रमाण मोजणे, हा नव्या तपासणीचा गाभा होय.

अडचण होती ती या प्रमाणाच्या सूक्ष्मतेची. रक्तात हे प्रथिन दर मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅम एवढेच असते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. नेहमीच्या पद्धतींना ते विश्वासाने मोजता येत नव्हते. २०१० साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी एकेक रेणू मोजणारी पद्धत प्रसिद्ध केली. तीत अत्यंत सूक्ष्म चुंबकीय मण्यांवर प्रतिपिंडे बसवितात. ती हवे ते प्रथिन पकडून ठेवतात. नंतर प्रत्येक मणी केसाच्या जाडीहून कितीतरी लहान अशा स्वतंत्र खळग्यात बसतो आणि ज्या मण्यावर प्रथिन अडकलेले असते, तो खळगा उजळतो. उजळलेले खळगे मोजले की प्रथिनाचे प्रमाण मिळते. पाठीतल्या सुईचे काम अशा रीतीने दंडातील सुईवर आले.

या मोजणीने काय शिकविले

एम.एस.चा झटका आला की रक्तातील हे प्रथिन वाढते आणि प्रभावी औषध लागू पडल्यास काही महिन्यांत उतरते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले. त्याहून बोधप्रद ठरला तो अमेरिकेतील अनुभव. तेथील सैनिकांच्या रक्ताचे नमुने वर्षानुवर्षे गोठवून जतन केलेले आहेत. ज्यांना पुढे एम.एस. झाला, अशांचे जुने नमुने तपासले असता बाह्य लक्षणे दिसण्यापूर्वी सुमारे सहा वर्षे या प्रथिनाची पातळी वाढू लागल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. लक्षण म्हणजे रोगाचा प्रारंभ नव्हे, हे त्यावरून सिद्ध झाले.

याच संग्रहाच्या आधारे २०२२ साली आणखी एक महत्त्वाचा निष्कर्ष हाती आला. एक कोटीहून अधिक सैनिकांपैकी ९५५ जणांना सेवाकाळात एम.एस. झाला होता. एप्स्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर रोगाचा धोका ३२ पटींनी वाढतो आणि मज्जातंतूंच्या झिजेची रक्तातील खूणही त्या संसर्गानंतरच वाढते, असे संशोधकांना दिसले. मात्र हा विषाणू जगातील बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना एम.एस. होतो. संसर्ग हे एक कारण आहे, एकमेव कारण नाही.

इतर रोगांतही रक्ताची साक्ष उपयोगी ठरत आहे. एम.एस.सारखाच भासणारा, पण दृष्टी व मज्जारज्जू यांवर घाला घालणारा एक वेगळा रोग आहे. २००४ साली त्याचे विशिष्ट प्रतिपिंड रक्तात सापडले. एम.एस.ची काही औषधे या रोगात अपाय करतात. त्यामुळे या एका तपासणीने अनेकांचे डोळे आणि पाय वाचू शकतात. स्नायूंची शक्ती हरण करणाऱ्या ए.एल.एस. रोगाच्या एका आनुवंशिक प्रकारावरील टोफरसन या औषधाला २०२३ साली अमेरिकेत त्वरित मान्यता मिळाली, ती मुख्यतः रक्तातील न्यूरोफिलामेंट कमी झाल्याच्या आधारावर. मूळ चाचणीच्या २८ आठवड्यांत रुग्णांच्या शक्तीतील फरक निर्णायक ठरला नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. अल्झायमर रोगाच्या निदानास साहाय्य करणारी पहिली रक्ततपासणी अमेरिकेत मे २०२५ मध्ये मान्य झाली. ती स्मृतिदोषाची लक्षणे असलेल्या, ५५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आहे.

आकड्याचा अर्थ लावताना

धूर दिसला की कोठेतरी जळत आहे एवढे कळते. गोठा जळतो की गंजी, ते जाऊनच पाहावे लागते. न्यूरोफिलामेंटचा आकडा हा असा धूर आहे. पक्षाघात, डोक्याला मार, मधुमेहातील मज्जातंतूंची हानी यांतही तो वाढतो. वयाबरोबर तो निरोगी माणसातही वाढत जातो. मूत्रपिंडे अधू असल्यास तो जास्त दिसतो, तर स्थूल व्यक्तीत कमी दिसतो. २०२२ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या नमुन्यांवरून वय आणि शरीरभार लक्षात घेणारी तुलनात्मक मापे तयार केली. त्यामुळे एकाच रुग्णाचा आकडा अधिक न्याय्य रीतीने वाचता येऊ लागला. तरीही केवळ या तपासणीवरून एम.एस.चे निदान होत नाही. आकडा सामान्य आला म्हणून रोग नाहीच, असेही म्हणता येत नाही. संथ गतीने वाढणाऱ्या अवस्थेत तो फारसा हलतही नाही. एकाच पद्धतीने वेळोवेळी केलेली मोजणी, डॉक्टरांची तपासणी आणि एम.आर.आय. या तिहींचा एकत्रित विचार हाच योग्य मार्ग होय.

समाजाचे उत्तरदायित्व

रक्ताचा नमुना प्रवास करू शकतो. रुग्णाला दर वेळी प्रवास करणे शक्य नसते. तालुक्याच्या ठिकाणी काढलेला नमुना शहरातील प्रयोगशाळेत पोहोचू शकतो, हे या तपासणीचे ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोठे बलस्थान आहे. परंतु आकडा वाढल्याचे कळूनही तज्ज्ञ आणि औषध आवाक्यात नसतील, तर त्या ज्ञानाने चिंताच वाढेल. तपासणी आणि उपचार यांची सांगड घातल्यावाचून तिचा लाभ पदरात पडणार नाही.

कायद्याने एक पाऊल आधीच उचलले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यातील २१ प्रकारांच्या दिव्यांगत्वांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत १९८५ साली स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांना मार्गदर्शन करीत आली आहे. ही माहिती कार्यालयांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत पोहोचली पाहिजे. रुग्ण वरून धडधाकट दिसतो म्हणून त्याच्या अर्जाकडे संशयाने पाहणे हा अन्याय होय. त्याचबरोबर, लक्षणांपूर्वी वर्षानुवर्षे रोगाची चाहूल देऊ शकणाऱ्या अशा तपासणीचा वापर नोकरी नाकारण्यासाठी किंवा विवाह मोडण्यासाठी होता कामा नये. रुग्णाचे रक्त रुग्णाच्या हितासाठीच तपासले जावे, ही मर्यादा समाजाने पाळली पाहिजे.

डोळ्यापुढे आलेला अंधार पंधरा दिवसांत निवळला, तरी तो का आला हे विचारणारा शिक्षक, तालुक्याच्या रुग्णालयाची वाट दाखविणारा पंचायत सदस्य आणि अर्ज सहानुभूतीने वाचणारा अधिकारी यांची गरज कोणतेही यंत्र भागवू शकत नाही. प्रयोगशाळेत पोहोचणाऱ्या रक्ताच्या त्या थेंबाचा प्रवास त्यांच्यापासूनच सुरू होतो.