दुकानाची राखण : पोलिसांची किती, आपली किती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



भरबाजारात एखादी सराफी पेढी लुटली गेली की दुसऱ्या दिवशी काय होणार, हे आता सर्वांना पाठ झाले आहे. बाजार बंद राहतो. व्यापाऱ्यांचे शिष्टमंडळ पोलीस आयुक्तांना निवेदन देते. गस्त वाढवा, चौकी द्या, शस्त्र परवाने द्या, अशा मागण्या होतात. आठ-पंधरा दिवस गल्लीच्या तोंडावर पोलिसांची गाडी उभी राहते. मग एखादा सण येतो, कुणाचा तरी दौरा येतो आणि गाडी तिकडे जाते. बाजार पुन्हा पूर्वीसारखा चालू लागतो, पुढच्या घटनेपर्यंत.

या मागण्या चुकीच्या आहेत असे मी म्हणणार नाही. पण दुकानावरचा दरोडा नेमका कशाने टळतो, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज त्याविषयी बोलू.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. वर्तमानपत्रात आपण सरसकट ‘दरोडा’ म्हणतो. कायद्याला त्यात फरक दिसतो. रात्री शटर उचकटून माल नेला, तर ती घरफोडी. माणसाला मारहाण करून किंवा शस्त्राचा धाक दाखवून माल नेला, तर ती जबरी चोरी. तेच कृत्य पाच किंवा अधिक जणांनी मिळून केले, तर तो दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जबरी चोरी कलम ३०९ मध्ये आणि दरोडा कलम ३१० मध्ये आहे. फरक केवळ कलमांचा नाही. घरफोडीत माल जातो. जबरी चोरीत आणि दरोड्यात गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी गाठ असते. म्हणून दोन्हींवरचे उपायही वेगळे. भक्कम कुलूप पहिल्यावर चालते, दुसऱ्यावर नाही. भरदिवसा दुकान उघडेच असते.

आता पोलिसांकडे वळू. १ जानेवारी २०२० च्या देशपातळीवरील सरकारी आकडेवारीप्रमाणे एक लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ पोलिसांची पदे मंजूर होती आणि प्रत्यक्षात सुमारे १५५ पोलीस होते. एका जागी चोवीस तास एक पोलीस उभा करायचा, तर आठवड्याचे १६८ तास भरावे लागतात. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करील असे धरले, तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा धरल्या, तर चार. म्हणजे ते १५५ पोलीस तपास, वाहतूक, बंदोबस्त, समन्स बजावणे सगळे सोडून केवळ उभे राहिले, तरी लाखभर वस्तीत ३८-३९ जागा राखल्या जातील. आपल्या एका पेठेतल्या दुकानांची संख्या आठवा, म्हणजे ‘प्रत्येक बाजारात कायम पोलीस’ या मागणीचे काय होते ते कळेल.

त्यात शहरे पसरत आहेत. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. कालपर्यंतच्या शेतात आज सोसायट्या आहेत आणि सोसायट्यांच्या खाली औषधांची, मोबाइलची, दागिन्यांची दुकाने आहेत. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आणि २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरारचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले. गरज होतीच. पण नवे आयुक्तालय उभे राहते तेव्हा पहिली माणसे जुन्याच ठाण्यांतून उचलली जातात. पाटी लवकर बदलते, हवालदार तयार व्हायला वेळ लागतो.

मग आहे त्या पोलिसांनी सतत फिरत राहावे का? या प्रश्नावर एक गाजलेला प्रयोग अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १९७२-७३ मध्ये झाला. १५ बीटचे तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त बंद केली, बोलावले तरच पोलीस जात. दुसऱ्या गटात गस्त दुप्पट-तिप्पट केली. तिसऱ्यात होती तेवढीच ठेवली. वर्षभरानंतर तिन्ही गटांत गुन्ह्यांच्या बाबतीत किंवा लोकांना वाटणाऱ्या भीतीच्या बाबतीत म्हणावा असा फरक सापडला नाही. गाडी कुठूनही कुठेही फिरत राहिली, तर लुटारूच्या वाट्याला ती येण्याचा संभव फार थोडा असतो.

याचा अर्थ गस्त निरुपयोगी असा नाही. मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेल्या दूरध्वनींचा हिशेब १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे दूरध्वनी शहरातल्या जेमतेम तीन टक्के जागांवरून आले होते. जबरी चोरीच्या सगळ्या तक्रारी तर सव्वादोन टक्क्यांहून कमी जागांवरच्या होत्या. गुन्हा शहरभर सारखा पसरत नाही, ठरावीक कोपऱ्यांत साचतो. त्यानंतर तिथे झालेल्या प्रयोगात पोलीस अशाच जागी वारंवार जाऊन थांबू लागले, तेव्हा फरक पडला. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, लोकांना दिसावे, मग पुढच्या जागी जावे, ही रीत उपयोगी ठरली. तेव्हा ‘गस्त वाढवा’ यापेक्षा ‘आमच्या हद्दीतल्या कोणत्या जागा, कोणत्या वेळी’ हे विचारणारे निवेदन पोलिसांच्या जास्त कामाचे आहे. बाजार उघडण्याची वेळ, दुपारी ग्राहक नसतात तो तास आणि हिशेब करून शटर ओढण्याची वेळ, या तीन वेळा दुकानदाराइतक्या कुणालाच ठाऊक नसतात.

आता दुकानाच्या आत येऊ. १९७० च्या दशकात अमेरिकेत रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या छोट्या दुकानांवर सारख्या जबरी चोऱ्या होत. ‘सेव्हन-इलेव्हन’ या दुकानांच्या साखळीने आणि संशोधकांनी मिळून एक शहाणपणाचे काम केले. पूर्वी दुकाने लुटून तुरुंगात जाऊन आलेल्यांनाच विचारले, की तुम्ही दुकान निवडता कसे? त्यावरून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ६० दुकानांत साधे बदल केले. गल्ल्यात थोडीच रोकड ठेवली, बाकीची लगेच अशा तिजोरीत टाकली की जी कर्मचाऱ्यालाही उघडता येत नाही, आणि तशी पाटी लावली. काचेवरचे जाहिरातींचे कागद काढले. गल्ला रस्त्यावरून दिसेल असा हलवला. दिवे वाढवले. तेवढ्याच दुसऱ्या दुकानांशी तुलना केली, तेव्हा बदल केलेल्या दुकानांतल्या जबरी चोऱ्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. बंदूक नाही, पहारेकरी नाही.

फ्लोरिडातील गेन्सव्हिल या गावाने याच्याही पुढे जाऊन १९८७ पासून नियमच केला, की रात्री अशा दुकानात एकटा कर्मचारी ठेवायचा नाही, दोघे हवेत. जबरी चोऱ्या पुष्कळ घटल्या. त्यावर वादही झाला. दुकानदारांच्या बाजूने सांगितले गेले, की त्याच काळात काही सराईत लुटारू पकडले गेले, घट त्यामुळे झाली. हा वाद खरा आहे आणि दोन्ही गोष्टींचा हात असू शकतो. पण त्यातून एक प्रश्न उरतो, तो आपल्यालाही लागू आहे. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकाने दिवसरात्र खुली ठेवण्याची वाट मोकळी केली. धंद्याला ते बरे. पण रात्री दोन वाजता औषधाच्या दुकानात एकटा बसलेला विशीतला मुलगा, त्याच्या सुरक्षेचा खर्च धंद्याच्या हिशेबात कुठे मांडला आहे?

आपल्याकडच्या दुकानांकडे याच नजरेने पाहा. काचेवर ऑफरचे स्टिकर इतके चिकटवलेले असतात, की आत काय चालले आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. ही सोय ग्राहकाची नाही, लुटारूची आहे. कॅमेरा असतो, पण तो टोपी घातलेल्या माणसाची टोपी टिपेल इतक्या उंचीवर. दाराशी, चेहऱ्याच्या पातळीवर एक कॅमेरा हवा आणि चित्रीकरणाचा डबा गल्ल्याखाली नको, कारण जाताना लुटारू तोच उचलून नेतात. मुंबईत २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीने कॅमेऱ्यांची शिफारस केली आणि २०१६ मध्ये शहरभर साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे बसले. तपासाला अशा कॅमेऱ्यांचा मोठा आधार होतो. पण कॅमेरा मुख्यतः गुन्हा झाल्यावर बोलतो. पिस्तूल घेऊन आलेल्याचा हात तो धरीत नाही.

मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत आल्यापासून किराणा दुकानाच्या गल्ल्यातली रोकड कमी झाली, ही चांगली गोष्ट. सोन्याचे उलटे झाले. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला. मुठीत मावेल एवढ्या ऐवजासाठी जीव घेण्याची तयारी असलेले लोक त्यामुळे वाढले, तर नवल नाही. म्हणून शोकेसमध्ये कमी माल, बाकीचा वेळेचे कुलूप असलेल्या तिजोरीत, आणि दुपारच्या शांत वेळी पेढीवर किमान दोघे, एवढे तरी हवेच.

आणखी एक गोष्ट व्यापारी मंडळींना कडू लागेल. लुटलेले सोने शेवटी कुणीतरी विकत घेतो. २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण दागिना मुशीत गेला की क्रमांकही गेला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हाच आहे. जुन्या दंडविधानात ते कलम ४११ होते, आता ३१७ आहे. या कलमाखाली प्रामाणिक सराफालाही त्रास होतो, ही तक्रार जुनी आहे आणि तिची दखल घ्यायला हवी. त्यावरचा उपाय कच्च्या चिठ्ठीचा व्यवहार थांबवणे हाच आहे. मोड आणणाऱ्याचे ओळखपत्र आणि दागिन्याचे छायाचित्र ठेवले, तर सराफही सुरक्षित आणि लुटारूची बाजारपेठही आक्रसते. मोबाइल विकणाऱ्यांनी प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक दुकानाबाहेरही नोंदवून ठेवावा. चोरीला गेलेला फोन देशभर बंद पाडण्याची सरकारी सोय २०२३ पासून आहे.

खर्चाचे काय? समजा, चाळीस दुकानांची गल्ली आहे. रात्रीसाठी दोन रखवालदार, प्रत्येकी पंधरा हजार रुपये. एका दुकानाच्या वाट्याला महिना साडेसातशे येतात. मात्र रखवालदार परवानाधारक संस्थेचा असावा. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना परवाना आणि माणसांची पडताळणी बंधनकारक केली आहे. आपण मात्र बहुधा सर्वांत स्वस्त माणूस शोधतो आणि म्हाताऱ्या वॉचमनच्या हातात काठी देतो. संकटात पहिला घाव त्याच्यावर बसतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. लुटारू समोर उभा राहिला तर काय करायचे, हे नोकराला आधीच सांगून ठेवा. प्रतिकार करू नको, मागेल ते दे, हालचाली हळू कर, चेहरा-बोली-गाडी लक्षात ठेव, तो गेला की दार बंद कर, ११२ फिरव आणि कशालाही हात लावू नको. हे मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे. कारण आपण माल दिला तर मालक आपल्यावरच संशय घेईल, या भीतीने काही मुले पिस्तुलाला सामोरी जातात. मालाचा विमा निघतो. दागिन्यांच्या व्यापारासाठी वेगळी पॉलिसी मिळते. हप्ता भरायला कुरकुर करणारा मालक खरे तर तो धोका नोकराच्या अंगावर टाकत असतो.

पोलिसांकडे मागणी जरूर करा. रिकामी पदे भरा म्हणा, ठरावीक जागी, ठरावीक वेळी या म्हणा. परंतु निवेदनावर सही करण्यापूर्वी दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून एकदा आपल्याच काचेतून आत पाहा. गल्ला दिसतो का? गल्ल्यामागचा मुलगा दिसतो का? दिसत नसेल, तर काचेवरचे कागद आजच काढता येतील. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही.