आकाशांतील अंतर आणि घड्याळांतील वेळ



आमच्या भंडारा जिल्ह्यांतील कित्येक घरांतील मुलें-मुली आज परदेशीं असतात. त्यांचें विमान निघालें म्हणजे इकडे वडीलधारीं माणसें रात्र जागून काढतात. विमान किती दूर जातें व किती वेळांत पोंचतें, हा भूगोलाचा साधा प्रश्न. पण त्याचें उत्तर ठाऊक नसलें, तर विनाकारण जीव टांगणीला लागतो.

प्रथम अंतराचा विचार करूं. पृथ्वीच्या गोलावर मुंबई व लंडन या दोन ठिकाणांमध्यें एक दोरा ताणून धरावा. शाळेंत भूगोल शिकवितांना मी हाच दोरा वापरीत असें. तो जेथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. ती सुमारें ७,२०० किलोमीटर भरते. भिंतीवरील सपाट नकाशांत मात्र हीच वाट उत्तरेकडे वांकलेली दिसते, कारण गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरतांना रेषांचें रूप पालटतें.

८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघालें, तें कैरो व जिनीव्हा येथें थांबत गेलें. आतां विमानें वाटेंत न थांबतां साधारणतः नऊ-दहा तासांत तेथें पोंचतात.

येथें घड्याळाचा घोटाळा सुरू होतो. समजा, हिंवाळ्यांत विमान मुंबईहून पहांटे २ वाजतां निघालें आणि लंडनला सकाळीं ६-३० वाजतां उतरलें. तिकिटावरील या वेळांची वजाबाकी केली, तर प्रवास साडेचार तासांचा दिसतो! पण दोन्ही वेळा आपापल्या गांवच्या असतात. हिंवाळ्यांत आपलें घड्याळ लंडनच्या साडेपांच तास पुढें असतें, उन्हाळ्यांत साडेचार. म्हणजे खरा प्रवास दहा तासांचा झाला.

परततांना उलट होतें. लंडनहून सकाळीं १० वाजतां निघालेलें विमान रात्रीं १२-३० ला मुंबईस उतरलें, तर कागदावर साडेचौदा तास दिसतात. साडेपांच वजा केले कीं उरले नऊ. जो प्रवास तिपटीहून मोठा वाटला, तो एका तासानें लहानच निघाला. याचें कारण उंचावरील वारे. या पट्ट्यांत ते बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि पूर्वेस येणाऱ्या विमानाला मागून लोटतात.

या वाऱ्यांचें बळ केवढें! ऑक्टोबर २०१६ मध्यें एअर इंडियानें दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोस जाणारें विमान अटलांटिकऐवजीं पॅसिफिक महासागरावरून, म्हणजे पूर्वेकडून नेलें. वाट सुमारें १,४०० किलोमीटरांनीं वाढली, तरी जवळजवळ दोन तास वांचले. जवळची वाट लवकर पोंचवीलच, असें नाहीं.

म्हणून माझें सांगणें एवढेंच, कीं उतरण्याची वेळ आधीं आपल्या घड्याळांत आणावी, मग वाट पाहावी. वरील उदाहरणांत आपल्या सकाळच्या ६-३० ला फोन आला नाहीं म्हणून एखादी आई देवापुढें हात जोडून बसेल. परंतु तिचा मुलगा त्या वेळीं आकाशांत सुखरूप असेल, आणि लंडन यावयास अजून साडेपांच तास अवकाश असेल.